घरातली छोटी लाइन

गोंदिया जंक्शनवर ज्याने लहानपणी गाडी बदलली आहे, त्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही: मोठ्या गाडीचा वेग त्या गाडीपुरताच असतो. हावडा-मुंबई मेल धडधडत फलाटाला लागे, आम्ही बोचकी आणि ट्रंका सावरीत उतरत असू, आणि बालाघाटकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत जाऊन बसलो की घड्याळाचाच स्वभाव बदले. मोठ्या गाडीतून पाहताना झाडे मागे पळत. छोट्या गाडीतून पाहताना ती आपल्याशी गप्पा मारीत सोबत चालल्यासारखी वाटत. चालत्या गाडीतून उतरून मोहाची फुले वेचावीत आणि शेवटच्या डब्यात पुन्हा चढावे, अशी थट्टा आमच्याकडे सर्रास चाले. प्रवासाला किती वेळ लागेल असे कोणी विचारले, तर जाणते लोक मोठ्या गाडीचा हिशेब सांगतच नसत. ते उलट विचारीत, ‘छोटी लाइन कुठवर आहे?’

बालाघाटची ती छोटी लाइन आता राहिलेली नाही. तिचे रूळ उखडले गेले, इंजिने गेली, आणि तिच्यावर रेंगाळत प्रवास केलेली आमची पिढीही आता चाळिशी ओलांडून बसली आहे. मी तिला विसरलोही असतो. परंतु यंदाच्या पावसाळ्यात मला असा शोध लागला की, तिचा एक लहानसा तुकडा अजून शिल्लक आहे आणि तो माझ्या राहत्या घरात आहे!

घडले ते असे. आमचे घर आमगाव तालुक्यातल्या एका लहान गावी. पुढचा भाग मी दहा वर्षांपूर्वी नवा बांधला, विटांचा आणि स्लॅबचा. मागचा भाग आजोबांच्या वेळचा. मातीच्या दीड हात जाड भिंती आणि वर कवेलू. आई मागेच राहते. उन्हाळ्यात तिथे गारवा असतो, आणि तिचे देव, तिच्या धानाच्या ढोल्या, तिचे सगळे जगच तिथे. धाकटा भाऊ कॅनडात असतो. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. आईने या नातीला अजून मांडीवर घेतलेले नाही. आजी-नातीची जी काही भेट होते ती मोबाइलच्या काचेत, रविवारी सकाळी. आणि तीही धड होत नव्हती. आवाज तुटायचा, चित्र गोठायचे. आई मोबाइल डोळ्यांजवळ नेई, लांब धरी, पदराने पुशी आणि शेवटी माझ्याकडे देऊन म्हणे, ‘‘बापू, पोरीचा तोंड नाही दिसत रे, निस्ते चौकोन दिसतेत.’’

तेव्हा श्रावणात आम्ही घरच्या इंटरनेटचा वेग वाढवून घेतला. सेकंदाला ४० मेगाबिट येत होते, तिथे ३०० येऊ लागणार होते. महिन्याचे बिल वाढले. एक तरुण येऊन भिंतीवरची जुनी पेटी काढून नवी बसवून गेला. आम्ही त्याला चहा पाजला, पेढा दिला. आणि त्या रविवारी आईच्या मोबाइलवर पुन्हा तेच चौकोन!

मास्तर माणसाला राग आला की तो चौकशी करीत नाही, सरळ उलटतपासणी करतो. मी कंपनीला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘सर, आमच्याकडून तुमच्या दारापर्यंत पूर्ण वेग येतो आहे.’’ माझ्या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी गृहपाठाबद्दल असेच काहीतरी सांगतो. त्यामुळे मी विश्वास ठेवला नाही. पुढे कळले की त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि त्यातला ‘दारापर्यंत’ हा शब्द मी नीट ऐकलाच नव्हता.

हा शब्द समजायला मला आमच्याच जिल्ह्याचा जुना इतिहास उपयोगी पडला. म्हणून घरातल्या गोंधळाकडे वळण्यापूर्वी वाचकांनी माझ्याबरोबर थोडे मागे यावे.

१८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वेने नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटर गेजचे रूळ टाकले. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग ताब्यात घेतला, रुंद केला, पूर्वेकडे वाढवीत नेला, आणि १८९१ साली नागपूर आसनसोलशी जोडले गेले. गोंदिया असे एका थोर हमरस्त्यावर आले. परंतु उत्तरेला सातपुड्याचे डोंगर होते. तिथे रुंद रूळ टाकायचे म्हणजे मोठे खोदकाम, मोठे पूल, मोठा पैसा. अरुंद रुळाला वळणे घट्ट घेता येतात आणि खर्च कमी लागतो. म्हणून १९०३ ते १९०५ च्या दरम्यान गोंदियापासून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरपर्यंत जी सातपुडा रेल्वे झाली, ती अडीच फुटी रुळांची झाली. मोठ्या लाइनीचे रूळ साडेपाच फुटी. एकाच स्थानकात हे दोन रूळ शेजारी शेजारी येऊन थांबले. एकमेकांत मात्र कधी मिसळले नाहीत.

याचा परिणाम जो व्हायचा तो झाला. कलकत्त्याहून निघालेला माल वाघिणीतून गोंदियापर्यंत झपाट्याने येई. तिथे हमाल तो पाठीवर उतरवून घेत आणि छोट्या गाडीत पुन्हा भरीत. मोठ्या लाइनीवर आणखी वाघिणी उभ्या केल्या, इंजिन आणखी जोराचे लावले, तरी पलीकडे जाणारा माल तेवढाच. जेवढा हमालांच्या पाठींवर आणि छोट्या डब्यांत मावेल तेवढा. फलाटावर पोत्यांची थप्पी मात्र वाढत जाई. यावर खरा उपाय एकच होता, आणि त्याला शंभरहून अधिक वर्षे लागली. गोंदिया-बालाघाट हा तुकडा २००५ च्या सुमारास रुंद झाला, आणि २०२१ साली जबलपूरपर्यंत मोठ्या गाड्या धावू लागल्या.

निरोपांचीही हीच कथा. आपल्या देशात तारायंत्राची पहिली प्रायोगिक तार १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये ओढली गेली. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. या दीडशेहून अधिक वर्षांत तार विजेच्या वेगाने धावली, पण ती तारघरापर्यंत. तिथून पुढे माणूस, सायकल आणि पायवाट. आमच्या घरात एक आठवण अजून सांगतात. नागपूरला आजोबांचे थोरले बंधू अत्यवस्थ झाले. तार त्याच दिवशी निघाली आणि त्याच दिवशी तालुक्याला पोहोचली. मधल्या नाल्याला पूर होता. ती गावात आली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आजोबा नागपूरला पोहोचले तेव्हा राख सावडणे चालू होते. आई त्या वेळी नुकतीच लग्न होऊन आली होती. ती ही गोष्ट सांगताना तारेला दोष देत नाही, नाल्याला देते.

पुढे टेलिफोन आला. ट्रंक कॉल लावून तासन् तास ताटकळणे मोडून काढणारी थेट डायल करण्याची सोय १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये सुरू झाली. ती आमच्या बाजूच्या गावांत पिवळ्या पाटीच्या टेलिफोन बूथच्या रूपाने पोहोचायला आणखी पंचवीस-तीस वर्षे गेली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. टेलिफोनच्या तारेतून किरकिरत येणारे ते इंटरनेट पुढच्या काही वर्षांत सुधारून सेकंदाला ५६ किलोबिटपर्यंत गेले. आज आमच्या दारात ३०० मेगाबिट येतात. म्हणजे तेव्हाच्या पाच हजार पटींहून जास्त.

हे साधले ते काचेच्या तंतूने. मोगा या पंजाबातल्या गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवले, आणि त्याचा वृत्तान्त १९५४ साली प्रसिद्ध झाला. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशाने दूरवर संदेश नेता येतील, हे १९६६ साली चार्ल्स काव यांनी मांडले. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, देशातली टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली काचतंतूची वाहिनी १९७९ साली पुण्यात सुरू झाली. ग्रामपंचायतींपर्यंत हे तंतू नेण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कॅनडापासून आमच्या गावापर्यंतचा तारेचा रस्ता वीस हजार किलोमीटरचा धरला, तरी नातीचे हसू दशांश सेकंदात आमच्या ओसरीवर येऊन थडकते.

आणि ओसरीपासून आईच्या खोलीपर्यंतच्या वीस पावलांत ते हरवते!

इथपर्यंत विचार आला तेव्हा कंपनीच्या मुलाचा ‘दारापर्यंत’ हा शब्द मला पुन्हा ऐकू आला. आमची मोठी लाइन दारात संपत होती. आत छोटी लाइन होती. जंक्शन माझ्याच घरात होते, आणि त्याचा स्टेशनमास्तरही मीच होतो.

मुलगी अकरावीत आहे. तिने सुचवले की रागावण्यापेक्षा मोजावे. आम्ही शाळेतल्या हजेरीपटासारखा एक तक्ता आखला: खोल्यांची नावे उभी, वेळा आडव्या. नियम एकच ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग मोजायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा हे कळत नाही. औषधाच्या बाबतीत वैद्य जे सांगतात तेच इथेही.

पहिले मोजमाप बिनतारी नव्हे, तारेचे घेतले. मुलीचा लॅपटॉप राउटरला थेट तारेने जोडला. येणारा वेग कमी आहे की घरातल्या हवेत तो हरवतो आहे, याचा निकाल या एका मोजमापाने लागतो. आकडा आला ९४. माझा चेहरा उजळला. कंपनी पकडली गेली असे मला वाटले. परंतु मुलीने दुसऱ्यांदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. दर वेळी ९४, फार तर ९३. तिला शंका आली. खरोखर वाटेत गर्दी असती तर आकडा वरखाली झाला असता. हा तर भिंतीला डोके टेकवून उभा राहिल्यासारखा होता.

भिंत सापडली. भिंतीवरच्या नव्या पेटीतून राउटरपर्यंत येणारी जी हातभर तार होती, ती जुनी होती. त्या तरुणाने नवी देऊ केली होती. ‘जुनी चांगली आहे, कशाला खर्च?’ असे म्हणून ती मीच त्याच्या हाती दिली होती. या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन दोन पिळून केलेल्या चार जोड्या. १०० मेगाबिटपर्यंतचे काम दोन जोड्यांवर भागते. त्यापुढच्या, म्हणजे १००० च्या पायरीला चारही जोड्या धड लागतात. एखादी तुटली की दोन्हीकडची यंत्रे आपसात गुपचूप ठरवून १०० वर उतरतात, आणि त्यातून हिशेबठिशेब वजा जाता ९४ च्या आसपास हाती लागतात. कोणी तक्रार करीत नाही, दिवा विझत नाही. आमच्या तारेला मध्येच उंदराने दात लावले होते. धानाच्या घरात उंदीर असायचाच. नवी तार लावली आणि आकडा २९० वर गेला. तो आकडा पाहून मी कंपनीच्या मुलाची मनातल्या मनात क्षमा मागितली.

पण आईच्या खोलीत अजूनही ३. कधी २. कधी काहीच नाही.

आता खरी छोटी लाइन सुरू झाली, म्हणजे हवा. हवेतून संदेश नेण्याचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि त्याचे एक पान आपल्याच देशात लिहिले गेले आहे. १८९५ साली जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. भिंत या लहरींना अडवू शकत नाही, हे पाहून लोक थक्क झाले. लोकांनी लक्षात ठेवले ते एवढेच; परंतु भिंत लहरीला जाऊ देते ती जकात घेऊन, हे मात्र आपण विसरलो. वीट थोडी जकात घेते, सळ्यांचा स्लॅब जास्त, आणि ओल सर्वांत अधिक. पाणी या लहरी शोषून घेते. पावसाळ्यात ओल धरलेल्या दीड हात मातीच्या भिंती, त्यांच्या पलीकडे धानाच्या ढोल्या. आणि आमचा राउटर कुठे, तर पुढच्या खोलीत टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून. लोखंड तर लहरीला सरळ परतच पाठवते. पाहुण्यांना तारांचे जंजाळ दिसू नये म्हणून ती जागा मीच निवडली होती.

राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिलेले होते. हा आकडा काय आहे हे कळल्यावर मला हसू आले. या यंत्रात दोन निरनिराळ्या लहरींवर काम चालते: एक २.४ गिगाहर्ट्झची, एक ५ ची. पहिलीची कमाल ३००, दुसरीची सुमारे ९००. आणि खोक्यावर छापली ती त्यांची बेरीज! मेल ताशी शंभर मैल आणि पॅसेंजर ताशी तीस, म्हणून आमच्या स्थानकाचा वेग एकशे तीस, असे सांगण्यासारखेच हे. शिवाय हे आकडे कागदावरचे. यंत्रांना आपसात ‘पोहोचले का?’, ‘पोहोचले’ असे सतत बोलावे लागते. त्यात बराच वेळ जातो, आणि प्रत्यक्षात हाती अर्ध्याच्या आसपास लागते.

यांतली २.४ ची लहर जवळजवळ सार्वजनिक पाणवठ्यासारखी आहे. १९४७ साली अटलांटिक सिटीला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा पट्टा उद्योगधंद्यांतल्या, वैद्यकातल्या यंत्रांसाठी मोकळा ठेवला गेला. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात चालतो. १९८५ साली अमेरिकेने अशा पट्ट्यांत परवान्याशिवाय संदेश पाठवायची मुभा दिली. १९९७ साली बिनतारी जोडणीचा पहिला सर्वमान्य नियम ठरला, तेव्हा वेग होता अवघा २ मेगाबिट. १९९९ साली ११ झाला आणि त्याच सुमारास ‘वायफाय’ हे नाव रूढ झाले. आपल्या सरकारने जानेवारी २००५ मध्ये हा पट्टा परवान्यातून मोकळा केला, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. पाणवठा सर्वांचा झाला की घागरींची गर्दी होणारच. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावता मावतील अशा वाटा तीनच: पहिली, सहावी आणि अकरावी. शेजारच्या दोन्ही घरांचे राउटर आमच्याच सहाव्या वाटेवर उभे होते. आमचा आम्ही अकराव्या वाटेवर नेला. ५ ची लहर मोकळी आणि वेगवान, पण भिंतींपुढे ती लवकर दमते.

हवेत एका वेळी एकानेच बोलायचे असते, हेही मला नव्याने कळले. हवाई विद्यापीठातले नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओने जोडली. त्यांचा नियम साधा होता: बोलायचे असेल तेव्हा बोला, दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोला. गणित केले तेव्हा दिसले की, या पद्धतीने शंभरातला फार तर अठरा टक्के वेळच कामी लागतो. बाकीचा गोंगाटात जातो. आजचे वायफाय आधी कान देऊन ऐकते, कोणी बोलत नसेल तरच बोलते. आमच्या शाळेत नव्या मास्तरांचा वर्ग आणि जुन्या मास्तरांचा वर्ग यांत हाच फरक असतो. परंतु शिस्तीच्या वर्गातही एखादा अडखळत वाचणारा मुलगा उभा राहिला की साऱ्या वर्गाला थांबावे लागते. आईच्या खोलीतला दुबळ्या लहरीवरचा जुना मोबाइल हाच तो मुलगा होता. तो एकेक अक्षर उच्चारीत असताना पुढच्या खोलीतले वेगवान मोबाइलही ताटकळत होते. म्हणजे मागच्या खोलीची हेळसांड पुढच्या खोलीलाही भोवत होती.

राउटर कपाटामागून काढला आणि मधल्या दारावर, उंच, मोकळ्या जागी टांगला. मुलीने तक्ता भरला. पुढच्या खोलीत २३०, स्वयंपाकघरात ९०, मधल्या खोलीत ४०; आईकडे ५. दोनाची भर पडली, एवढेच.

मग मी बाजारातून लहरी ‘पुढे ढकलणारे’ एक लहान यंत्र आणले. ते आईच्या खोलीत लावले. मोबाइलवर लहरीच्या काड्या पूर्ण भरल्या आणि मला धन्य वाटले. चित्र मात्र तसेच गोठलेले! हे यंत्र जे ऐकते तेच पुन्हा उच्चारते, आणि तेही त्याच वाटेवर; म्हणजे ऐकायला एक वेळ आणि सांगायला दुसरी, वेग निम्मा. त्यातून मी ते ठेवले होते तिथे त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हते. निम्मे ऐकलेला निरोप कितीही मोठ्याने सांगितला तरी तो पुरा होत नाही. काड्या भरलेल्या दिसत होत्या त्या या मधल्या निरोप्याच्या होत्या, दारातल्या मोठ्या लाइनीच्या नव्हेत.

शेवटी उपाय तोच, जो रेल्वेने केला: रूळ रुंद करणे. चारही जोड्यांची पंचवीस मीटर तार आणली. ती राउटरपासून निघून, मधल्या खोलीच्या तुळईवरून, कवेलूखालच्या झरोक्यातून आईच्या खोलीत उतरवली, आणि यावेळी उंदराच्या भीतीने प्लास्टिकच्या नळीत घातली. टोकाला एक साधा जुना राउटर बसवला. त्याला सांगितले की तू स्वतः वाटा काढायच्या नाहीत, तारेतून येईल ते या खोलीत फक्त हवेत सोडायचे. त्याची वाट पहिली ठेवली, म्हणजे पुढच्या राउटरशी भांडण नको. एवढे काम आम्ही बाप-लेकीने एका रविवारी दुपारी केले. आई खाटेवर बसून, तार कुठून कशी जावी, याच्या सूचना देत होती. झरोक्याची कल्पना तिचीच.

मोजले तेव्हा आईच्या जुन्या मोबाइलवर ४० आले. मुलगी नाराज झाली. ३०० कुठे आणि ४० कुठे! मी मात्र त्या आकड्याकडे पाहतच राहिलो. समोरासमोर बोलण्याच्या चित्राला सेकंदाला दोन-तीन मेगाबिट पुरतात. आणि ४० तर जुन्या योजनेतच आमच्या दारात येत होते! म्हणजे आईला नात दिसावी यासाठी लागणारा वेग कितीतरी महिने आमच्या ओसरीवर येऊन बसलेला होता, पुरात अडकलेल्या त्या तारेसारखा. त्याला आत न्यायचे सोडून मी बाहेरून आणखी मागवीत होतो. पोत्यांची थप्पी वाढवीत होतो.

यात माझे मला जे खुपले ते सांगून टाकतो. घर नवे बांधताना पुढच्या खोलीत टीव्ही, राउटर, चांगला पंखा असे सारे मी मांडले, कारण तिथे पाहुणे बसतात. मागच्या खोलीत काय पोहोचते याचा तक्ता मी त्यापूर्वी कधी आखला नव्हता. आईने तक्रारही केली नव्हती. ती फक्त काच पुशीत होती. वाचकांपैकी कोणाच्या घरी वेग वाढवूनही काम मंदच चालत असेल, तर त्यांनी कंपनीशी जरूर भांडावे. दोष तिथेही असू शकतो. परंतु आधी दारातच तारेने मोजावे. मग एकेक खोली पार करीत, जिथे आकडा पडतो त्या उंबरठ्यावर थांबावे. आणि मोजायला सुरुवात जमल्यास सर्वांत मागच्या खोलीतून करावी.

त्या रात्री फोन लावला, तेव्हा कॅनडात सकाळ होती. नात उंच खुर्चीत बसून काहीतरी चघळत होती. चित्र स्वच्छ होते. मागच्या खिडकीतला बर्फाविना उघडा रस्तासुद्धा दिसत होता. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग काचेवर बोट टेकवून म्हणाली, ‘‘अगो बाई, खालचे दोन दात निंगले हिचे! कोनी सांगितला नाही मले?’’

भावाने सांगितले होते. दोनदा सांगितले होते. ते चौकोनांत हरवले असावे.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दंडार रंगते, नाटके होतात. यंदा मंडईच्या दिवशी मोबाइल बाहेर न्यायचा आणि नातीला दंडार दाखवायची, असा आईचा बेत ठरला आहे. मैदानापर्यंत आमची तार पोहोचत नाही, हे मी तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, ‘‘तू मास्तर आहेस ना? मोज.’’